चौदा हजार फुटांची परवानगी

"मागणी काय हाय तुमची? आधी मागणी सांगा!"

खालून सरपंच हाताचा भोंगा करून ओरडत होते आणि वर पाण्याच्या टाकीवर बारा किलोची सॅक पाठीवर घेऊन मी उभी. माझी काहीएक मागणी नव्हती हो! मी व्यायाम करत होते.

आता तुम्हीच सांगा, मांडवगण फराट्यासारख्या सपाट गावातल्या मुलीनं डोंगराचा सराव करायचा तरी कुठं? इकडं ऊस, तिकडं ऊस, पलीकडं भीमा. उंच म्हणावी अशी गावात एकच गोष्ट, पाण्याची टाकी. आणि मला तर मे महिन्यात हिमाचलात जायचं होतं. चौदा हजार फुटांवरची एक खिंड पायी ओलांडायची, पाठीवर आपलं सामान आपण वाहायचं, आणि बर्फातल्या डोंगरांचे पोटभर फोटो काढायचे. म्हणून सॅकमध्ये म्हशीची पेंड भरली, नवे बूट घातले आणि टाकीच्या शिडीवरून रोज पाच फेऱ्या मारायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी, दुसऱ्याच फेरीला बोंब उठली, गेणबा आबांची नात टाकीवर चढली!

आमच्याकडं माणूस टाकीवर चढला की कारणं दोनच. एकतर त्याचं काम सरकारात अडकलेलं असतं, नाहीतर प्रेमात. दहा मिनिटांत अर्धं गाव खाली जमा झालं.

"अहो, मला काही नको!" मी वरून ओरडले.

"काही नको म्हंती! लई चिडलीय वाटतं," खाली कुणीतरी खुलासा केला.

शेजारच्या साखरबाई काकूंनी तर पदर खोचला आणि हाक दिली, "हर्षदे, चढलीच हायेस तर नळाचं बी बोल! चार दिसाआड पाणी येतंय!"

"आन् आमच्या आळीतल्या दिव्याचं!"

"आन् एसटीचं! सकाळची गाडी बंद केलीय मेल्यांनी!"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगा पुढं आला. गळ्यात हा एवढा कॅमेरा, केसांना तेल, आणि चेहऱ्यावर जगाला वाचवायला निघाल्याचा आव. "सरका, मी आणतो त्यांना," म्हणाला आणि चढायला लागला. विसाव्या गजापर्यंत जोरात आला. एकविसाव्याला थांबला. थांबला तो थांबलाच.

मी वाकून पाहिलं. दोन्ही हातांनी गज असा धरलेला की आता कटरनं कापूनच सोडवावा लागेल.

"वर येताय का?" मी विचारलं.

"यायचंय..."

"मग?"

"पाय ऐकंनात."

"मग खाली जा."

"खाली जायचं तर... अजिबातच ऐकंनात."

झालं! माझी फेरी राहिली बाजूला. मी सॅक आवळली आणि त्याच्या डोक्याच्या वर दोन गजांपर्यंत उतरले. "हे बघा, खाली बघायचं न्हाई. माझ्या बुटाकडं बघायचं. मी एक पाय खाली ठेवला की तुम्ही एक ठेवायचा. कळलं?"

"व्हय."

एक पाय... दुसरा पाय... मधेच त्याचा बारीक आवाज आला, "बूट नवं हायेत का?"

"व्हय. का?"

"टाचेची चिठ्ठी काढायची राहिलीय."

असा राग आला म्हणून सांगू! पण त्या रागात हसूही आलं, ते मी दाबलं. आम्ही खाली आलो तेव्हा टाळ्या पडल्या. कुणाला? त्याला! "वाचवली पोरीला!" म्हणून सरपंचांनी त्याची पाठ थोपटली. तो बिचारा "अहो, मला त्यांनी..." म्हणत राहिला, पण वीराचं बोलणं कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवसापासून गावाला रोज पाणी यायला लागलं, आणि साखरबाई काकू मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात दिव्यासाठी चढ गं."

तो म्हणजे बिरदेव. राहूचा. लग्नाचे फोटो काढतो, 'बिरू क्लिक्स' म्हणून पाटी आहे त्याची. हे मला तीन दिवसांनी कळलं. मी पाटसच्या साखर कारखान्यात लॅबमध्ये आहे. तेव्हा एप्रिल लागला होता, कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप संपून चक्रं थांबली होती, त्यामुळं कामही निवांत. हायवेला मुजीबभाईंची रसवंती आहे, तिथं मी रस पीत बसले होते आणि समोर हा येऊन उभा.

"या या, वीरपुरुष!" मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. त्यानं एक पाकीट पुढं केलं. आत फोटो होता. माझाच. त्यानं शिडी चढण्याआधी खालून काढलेला. पाठीवर सॅक, वाऱ्यानं उडालेली ओढणी, मागं नुसतं निळं आकाश... मी कुठल्यातरी शिखरावर उभी आहे असंच वाटत होतं.

"टाकी कुठं गेली?"

"कापली."

"आणि गाव?"

"ते बी कापलं. तुम्ही तेवढ्या ठेवल्या."

मी पेला तोंडाला लावला. रस संपलेला होता, तरी लावला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पुण्यातल्या एका क्लबचा बारा जणांचा ग्रुप आहे, लीडर बाई आहेत, माझ्या लॅबमधली सोनमही येतेय, मुलींचे तंबू वेगळे. वाट आणि मुक्काम आखायचं काम क्लबनं माझ्याकडं दिलंय, सामान काय न्यायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. त्याचे डोळे चमकायला लागले. म्हणाला, "सहा वर्षं लग्नं काढतोय. ज्याचा फोटो काढावा तो म्हंतो, दादा, माझं पोट दिसतंय. एकदा तरी असलं काढायचंय की ज्याला पोटाची काळजी न्हाई. डोंगर म्हंतो का कवा, पोट दिसतंय म्हणून?"

"दोन जागा शिल्लक आहेत," मी म्हटलं. का म्हटलं, विचारू नका. तोंडातून गेलं.

"घाला माझं नाव."

"आणि ते... एकविसाव्या गजाचं काय?"

"ती शिडीची भीती हाय, डोंगराची न्हाई," तो छाती काढून म्हणाला. "डोंगराला कुठं गज असतात?"

पुढचे पंधरा दिवस आमची रसवंतीत बैठक. तो वहीत प्रकाशाच्या वेळा लिहायचा. सूर्य कुठल्या शिखराला आधी लागतो, चंद्र कवा उगवतो. मी मुक्काम, पाणी, औषधं लिहायचे. मुजीबभाई ऊस तोलायच्या काट्यावर आमचं सामान तोलून द्यायचे. माणशी दहा किलो, त्यावर एक ग्रॅम नाही, असा माझा नियम.

"ही लेन्स दीड किलो हाय. एकतर ही घ्या, नाहीतर स्वेटर," मी म्हटलं.

"लेन्स."

"थंडीनं मराल."

"फोटो तर येतील."

"मेल्यावर दाखवणार कुणाला?"

"तुम्हाला," तो सहज म्हणाला. "तुम्ही असणारच की संगं."

काट्याचं पारडं हलत राहिलं. मी वहीत 'स्वेटर' या शब्दाखाली उगीचच तीन रेघा मारल्या.

"आधी रस प्या," मुजीबभाई म्हणाले, "मग मरा निवांत. बर्फ विरघळायलाय."

सोनम मला चिडवायची, "ट्रेकची तयारी चाललीय का साखरपुड्याची?" मी म्हणायचे, गप गं. पण घरी जाऊन आरशात बघायचे. आमच्या आरशानं इतक्या वर्षांत मला एवढं कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी भीमेच्या पुलावर चालायचा सराव असायचा. ऊन उतरलेलं, कडुलिंबाच्या मोहराचा वास, खाली नदीत म्हशी डुंबत असायच्या. तो कठड्याकडनं चालायलाच तयार नाही. पठ्ठ्या पुलाच्या बरोबर मधून, पांढऱ्या रेषेवरनं चालायचा. मागून ट्रकवाले शिव्या घालत जायचे. "ए, बापाचा रस्ता हाय का?" हा हात जोडायचा आणि पुन्हा रेषेवर. शेवटी मी माझ्या सॅकचा पट्टा त्याच्या हातात दिला. "धरा हे. आणि इकडून चला, कडेनं." तो चालला. पट्टा धरून, माझ्याकडं बघत. पलीकडच्या टोकाला पोचलो तरी त्यानं पट्टा सोडला नाही, आणि मीही आठवण केली नाही.

आता खरी भानगड सांगते. एक दिवस आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवताना म्हणाले, "सोमवारी बारामतीचं पाव्हणं येणारेत तुला बघायला. पोरगं बँकेत हाय. पसंत पडली तर मेमधीच बार उडवून टाकू."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "मेमध्ये मी हिमाचलात आहे, आप्पा."

"ते आबांना इचार. आबा हो म्हणले तर जा, पाव्हण्यांना मी थांबवतो. न्हाई म्हणले तर सोमवारी साडी नेसायची. कटकट न्हाई."

आबा म्हणजे गेणबा, माझे आजोबा. आता आमची बागायत आहे, घरात फ्रीज आहे, पण आबांनी चाळीस वर्षं मेंढरं घेऊन कोकणात जाऊन-येऊन काढली. घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी त्यांना सगळं सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. मग म्हणाले, "रईवारी वाट सांग."

ही आमच्या घरची जुनी रीत. वाडा म्हणजे कळप, घोडी, बायामाणसं, पोरं, कुत्री असं सगळं चालतं बिऱ्हाड. ते हलवायच्या आधी, ज्यानं वाट काढली त्यानं म्हाताऱ्यासमोर घोंगडीवर बसून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. म्हातारा विचारील त्याला उत्तर द्यायचं. एक जरी प्रश्न अडला तरी वाडा हलत नाही. मग कितीही रडा.

"वाट तू एकलीनं काढलीय का?" आबांनी विचारलं.

"न्हाई... राहूचा एक जण आहे."

"मग त्याला बी बोलाव. घोंगडीवर दोगं बसा."

रविवारी सकाळी बिरदेव आला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत रंगीत छापून आणलेली सतरा पानं. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुणाचा तू?"

"राहूच्या मल्हारीचा नातू."

"मल्हारीचा?" आबा सरळ बसले. "आरं, मल्हारी तर कड्यावरनं मेंढरं उतरवायचा! निसता वारा होता वारा!"

"व्हय," बिरदेव म्हणाला आणि घाम पुसला.

आप्पा खांबाला टेकून बसले. आई चहा घेऊन आली आणि परत आत जायचं विसरली. आणि मग आबांनी सुरू केलं. पहिल्या मुक्कामाला पाणी कुठं? ओढा आहे, तंबूपासून हाकेच्या अंतरावर. फोन चालला न्हाई तर वाट कशी कळणार? कागदावर नकाशा आहे, शिवाय तिथला वाटाड्या. दम लागला तर? मधे एक दिवस नुसता विसावा, अंगाला उंची मानवायला. पुढं कोण चालणार? लीडर बाई. मागं कोण? मी. मी धडाधड उत्तरं देत होते, बिरदेव पानं उलटत होता. एकच पान त्यानं उलटं धरलं, पण आबांना चष्मा नव्हता.

"ह्या काय डब्या?" आबांनी एका चित्रावर बोट ठेवलं.

"कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या हायेत, आबा. गारठ्यानं मरत्यात. म्हणून झोपताना पोटाशी घेऊन झोपायचं."

आबा बोळक्या तोंडानं खदखदून हसले. "आम्ही कोकरं घ्यायचो! बरं हाय, तुमच्या कोकरांना दूध तरी पाजावं लागत न्हाई."

सगळे हसले. आप्पासुद्धा. मी मनात म्हटलं, जिंकलं! आता फक्त हो म्हणायचं राहिलं. बारामतीचा बँकवाला गेला उडत.

आबांनी काठी जमिनीवर टेकवली. "शेवटचं इचारतो. लंगडं मेंढरू कोण हाय, आन् ते कुणाच्या खांद्यावर?"

"म्हंजी?" बिरदेवनं विचारलं.

"कळपात एक तरी लंगडं असतंयच. ज्यानं वाट काढली त्याला ते म्हाईत पायजे. अर्ध्या डोंगरात ते बसलं तर कोण उचलणार, हे निघायच्या आधी ठरतंय."

सोपं होतं हो! 'आमच्यात सगळे धडधाकट आहेत आबा, डॉक्टरचा दाखला आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंच होतं. पण बिरदेवनं हातातली पानं खाली ठेवली.

"आबा... लंगडं मेंढरू मीच हाय."

मी कोपरानं त्याला ढोसलं. तो थांबेना.

"मला उंचीची भीती वाटती. शिडीची न्हाई, उंचीचीच. ह्यांना खोटं सांगितलं मी. खिंडीच्या अलीकडं एक अरुंद वाट हाय, एका अंगाला दरी. तिचा फोटो बघितला तरी माझं पाय थरथरत्यात. माझा आजा कड्यावरनं उतरायचा आन् मी पुलाच्या मधनं चालतो. मी ह्यांच्या वाटंत अडचण हाय. माझं नाव काढा, पर ह्यांना जाऊ द्या. वाट सगळी ह्यांनी काढलीय, आन् ती चोख हाय."

"मग आधी नाव घातलंस कशाला?" आप्पांनी विचारलं.

बिरदेवनं घोंगडीची एक दशी ओढली. "ह्या जाणार हुत्या म्हणून."

आईच्या हातातल्या कपावर माशी बसली, तिनं ती हाकलली नाही. आबांनी मान डोलावली, पण माझ्याकडं बघून. "प्रश्न अर्धाच सुटला. मेंढरू सापडलं. खांदा कुणाचा? खांदा न्हाई तर वाडा न्हाई हलत."

मला माहीत होतं, नाव काढा म्हटलं तरी चालणार होतं. लंगडं मागं ठेवलं की प्रश्नच मिटला, मी एकटी मोकळी. चौदा हजार फूट माझ्या समोर होते, बर्फ होता, आणि मला ते सगळं हवं होतं. आणि शेजारी हा गाढव बसला होता, खाली मान घालून, माझं स्वप्न वाचवायला स्वतःची अब्रू आमच्या घोंगडीवर मांडून. मला एकदम कळलं की तो बर्फ मला त्याच्याशिवाय बघायचाच नाही.

"माझा," मी म्हटलं.

"काय?" आप्पा.

"खांदा माझा. तो येणार. त्या वाटेवर मी त्याच्या पुढं चालीन, आणि बसला तर उठवीन. आणि नाहीच उठला तर खिंडीच्या अलीकडं मीही त्याच्यापाशी बसेन. तिथूनही डोंगर दिसतात." मी थांबले नाही. "आणि आप्पा, बारामतीच्या पाहुण्यांना सांगा, येऊ नका. आत्ताच नाही, कधीच. मला हा आवडतो."

आईनं कप खाली ठेवला. बिरदेवनं माझ्याकडं असं बघितलं की त्याला आता कुठल्याही गच्चीवर उभा केला असता तरी समजलं नसतं.

"मला बी..." तो पुटपुटला. "म्हंजी, तुम्ही. मला तुम्ही लई दिवसापासनं..."

"गप!" आप्पा ओरडले. "आबा, ऐकताय न्हवं? लग्नाआधी हे दोगं डोंगरात जाणार? लोक तोंडात शेण घालतील!"

"आरं, आमच्या वाड्यात बाया-बापे संगंच चालायचे," आबा शांतपणे म्हणाले. "तुझ्या आईचा सभाव मला मांडवात न्हाई कळला, घाटात कळला. सोबत बाराजण हायेत, बाई हाय, ती सोनम हाय. जाऊ दे. पाव्हण्यांना फोन लाव."

"आन् ह्यांच्या लग्नाचं?"

आबा काठी टेकून उठले आणि त्यांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "आठ दिस एका वाटंनं चालून येऊ दे. गुलुगुलु बोलत आली तर घाई करायची न्हाई, अजून ओळख व्हायचीय म्हणायचं. आन् भांडत आली..."

"तर?" आप्पांनी विचारलं.

"तर दुसऱ्या दिशी लगीन लावून टाक. नवरा-बायको झाल्यातच ती."

बिरदेव घाबरून माझ्याकडं बघत म्हणाला, "मी अजिबात भांडणार न्हाई हां, हर्षदा. शपथ."

भांडणार नाही म्हणे! मी घोंगडीवरच्या पानांतून सामानाची यादी ओढून घेतली, दीड किलोच्या लेन्सवर काट मारली आणि तिथंच सुरुवात केली.